द्रव्य आणि उपस्थाता : मनोव्यंजक द्रव्यांच्या चिकित्साविषयक चर्चेची समीक्षा

१

सायलोसायबिन, एल.एस.डी., एम.डी.एम.ए. इत्यादी द्रव्यांना मानसिक विकारांच्या चिकित्सेत स्थान असावे की नसावे, या प्रश्नाची चर्चा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य विद्यापीठांतून नव्याने सुरू झाली आहे, आणि तिचे पडसाद आपल्याकडेही उमटू लागले आहेत. हा विषय वैद्यकाचा. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर असे की, कोणताही उपचार रोग्यापर्यंत पोचण्यापूर्वी शब्दांच्या अनेक दारांतून जातो. इस्पितळाच्या नोंदवहीतील रकाना, कायद्यातील व्याख्या, वृत्तपत्रातील मथळा आणि रोग्याने आपल्या दुखण्याचे स्वतः केलेले कथन ही ती दारे होत. त्यांतील एखादे जरी चुकीच्या शब्दाने बंद झाले, तरी पलीकडे वैद्य आणि औषध दोन्ही असूनही रोगी अलीकडेच राहतो. म्हणून या चर्चेच्या भाषेची तपासणी करणे हे समीक्षेचे काम ठरते.

या तपासणीसाठी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चतुष्पादाची कल्पना उपयोगी पडेल. चिकित्सेचे चार पाय तेथे सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. भिषक् म्हणजे वैद्य. द्रव्य म्हणजे औषध. उपस्थाता म्हणजे रोग्यापाशी राहून त्याची शुश्रूषा करणारा. यांपैकी प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत, आणि त्यांतील दोन येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. द्रव्याच्या गुणांत पहिला गुण ‘बहुता’ हा आहे. म्हणजे औषध पुरेसे उपलब्ध असले पाहिजे. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ आहे. म्हणजे आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगता आले पाहिजे. चिकित्सेची ही कल्पना प्रमाण मानली, तर गेल्या सव्वाशे वर्षांतील आपली मादक द्रव्यांविषयीची चर्चा एकाच पायावर उभी आहे, असे दिसून येते. तो पाय द्रव्याचा. द्रव्याने वेड लागते असे म्हणणारे आणि द्रव्याने वेड बरे होते असे म्हणणारे या दोघांचीही दृष्टी द्रव्यावरच खिळलेली आहे. उपस्थाता आणि रोगी यांना दोन्ही पक्षांनी सारखेच विसरावे, हा या चर्चेतील मुख्य दोष होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. ज्या द्रव्यांविषयी आपण बोलत आहो त्यांना पाश्चात्त्य वैद्यकात अल्पकाळात तीन नावे मिळाली. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एल.एस.डी. हे द्रव्य १९३८ मध्ये तयार केले आणि १९४३ मध्ये त्याचा मनावरील परिणाम त्याच्या लक्षात आला. त्यानंतरच्या काही वर्षांत अशा द्रव्यांना उन्मादाचे अनुकरण करणारी द्रव्ये म्हणत. वेड्याला काय वाटत असेल हे वैद्याला अनुभवता यावे, असा त्यांच्या वापरामागील एक हेतू होता. दुसरे नाव भ्रमजनक. तिसरे, ‘सायकेडेलिक’, हे हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६-५७ च्या सुमारास घडविले. कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतात हा गृहस्थ मद्यासक्तांवर एल.एस.डी.चे प्रयोग करीत होता, आणि उन्माद किंवा भ्रम यांचा कलंक नसलेले नाव त्याला हवे होते. ग्रीक धातूंवरून साधलेल्या त्या शब्दाचा अर्थ मनाला प्रकट करणारे असा आहे. आपल्या काव्यशास्त्रातील व्यंजनेची आठवण ठेवून त्याला ‘मनोव्यंजक’ म्हणता येईल, आणि या लेखात तोच शब्द योजिला आहे. द्रव्य तेच राहिले; त्याच्याकडे पाहणाऱ्याचा हेतू मात्र तिन्ही नावांत वेगवेगळा आहे. एकात रोग, एकात भास, एकात साक्षात्कार.

मराठीत या तिन्ही छटा पुसून टाकणारा एकच शब्द रूढ झाला आहे : ‘अमली पदार्थ’. ‘अंमल’ या अरबी शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक सत्ता, दुसरा गुंगी. राज्याचा अंमल बसतो, तसा भांगेचाही अंमल चढतो. त्याच मुळापासून अंमलदार आला, अंमलबजावणी आली आणि अमली पदार्थही आला. या शब्दात द्रव्य हे सत्ताधीश आहे आणि माणूस त्याची प्रजा. शिवाय त्या सत्तेचा बंदोबस्त करणारा अंमलदारही तेथेच उभा आहे. वैद्याला या शब्दात कोठेही जागा नाही. १९८५ च्या कायद्याचे अधिकृत मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असे आहे. नाव लांबलचक आणि बोजड खरे. पण त्यात ‘औषधि’ हा शब्द शिल्लक आहे. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत त्याचा ‘अमली पदार्थविरोधी कायदा’ झाला, तेव्हा सोयीसाठी जे गाळले गेले ते नेमके औषधच होते.

नाशिक रोडच्या वाचकाला या गोंधळाचे ताजे उदाहरण परके वाटणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये येथून जवळच असलेल्या शिंदे गावातील एका कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला आणि मेफेड्रोनचा मोठा साठा जप्त केला. मेफेड्रोनला महाराष्ट्रातील बाजारात आणि बातम्यांत ‘एम.डी.’ म्हणतात. ज्या द्रव्याचे आघातोत्तर मनोविकारावरील प्रयोग परदेशांत झाले ते एम.डी.एम.ए. नावाचे दुसरे द्रव्य होय. दोहोंच्या रासायनिक घडणीत काही साम्य असले, तरी द्रव्ये भिन्न आहेत, आणि शिंद्याच्या कारखान्यात जे तयार होत होते त्याचा कोणत्याही मान्य चिकित्सेशी संबंध नाही. परंतु दोन अक्षरांच्या साम्यामुळे वाचकाच्या मनात दोन विपरीत चुका संभवतात. ‘एम.डी.ने आजार बरा होतो’ असे ऐकून एखादा तरुण बाजारातील पुडी औषध समजेल, किंवा ‘एम.डी. म्हणजे विष’ एवढेच ठाऊक असलेला सुशिक्षित मनुष्य शास्त्रीय संशोधनालाही गुन्ह्याच्या पंक्तीत बसवील. दोन्ही चुकांचे मूळ भाषेत आहे आणि त्यांची किंमत मात्र माणसाला द्यावी लागते.

३

नाव जे करते तेच नोंदवहीतील रकानाही करतो. याची सर्वांत उद्बोधक साक्ष आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ब्रिटिश पार्लमेंटात १८९३ मध्ये गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते. हजाराहून अधिक साक्षी घेऊन आयोगाने १८९४ मध्ये आपला प्रतिवृत्तान्त सादर केला. गांजा, भांग व चरस यांनी वेड लागते काय, हा त्याच्यापुढील एक प्रधान प्रश्न होता, आणि तोपर्यंत या प्रश्नाचे उत्तर वेड्यांच्या इस्पितळांतील वार्षिक आकड्यांवरून दिले जात असे.

आयोगाने जे केले ते ग्रंथसंपादकाला शोभणारे काम होते. त्याने आकडे उद्धृत केले नाहीत. आकडा जेथून निघाला त्या मूळ नोंदीपर्यंत तो गेला. तेव्हा असे आढळले की, रोग्यासोबत येणाऱ्या वर्णनपत्रात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. तो बहुधा पोलिसांच्या माहितीवरून दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत भरला जाई. रोगी अनोळखी, भटका, कधी बैरागी किंवा फकीर. त्याच्या घरचे कोणी बरोबर नाही. तो गांजा ओढत असे असे कोणी सांगितले, की रकाना भरला. इस्पितळात त्या नोंदीची नक्कल होई, नकलांची बेरीज होई, आणि बेरजेचे शास्त्र होई. १८९२ या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांपुढे ही मादक द्रव्ये कारण म्हणून नोंदलेली होती. प्रत्येक प्रकरणाची पुन्हा चौकशी केल्यावर केवळ ९८ प्रकरणांत ते कारण कसेबसे ग्राह्य ठरले, आणि त्यांपैकीही ज्यांत दुसरे कोणतेच कारण आढळले नाही अशी ६१ उरली.

या प्रतिवृत्तान्ताची स्तुती करताना दोन मर्यादा नजरेआड करता कामा नये. सरकारला या द्रव्यांपासून अबकारी उत्पन्न मिळत असे, तेव्हा संपूर्ण बंदी नको या निष्कर्षाकडे आयोगाचा कल झुकण्यास लौकिक कारणही होते. दुसरे असे की, गांजाच्या अतिसेवनाने, विशेषतः कोवळ्या वयात, तीव्र मनोविकाराचा धोका वाढतो असे आजचे संशोधन सांगते. आयोगाने रकाना खोटा ठरविला म्हणून द्रव्य निर्दोष ठरत नाही. तथापि त्याच्या पद्धतीचे मोल यामुळे कमी होत नाही. कारणाचा रकाना भरण्याची घाई झाली की रोग्याची हकीकत नाहीशी होते, हे त्याने दाखवून दिले. त्या २२२ जणांना ‘ज्ञापकत्व’ कोणी दिलेच नव्हते. त्यांच्या वतीने शिपाई बोलला.

४

आजच्या मनोव्यंजक चिकित्सेच्या पुरस्कर्त्यांकडे पाहिले तर तोच रकाना उलट्या बाजूने भरला जात असल्याचे दिसते. पूर्वी ‘वेडाचे कारण’ म्हणून द्रव्याचे नाव लिहीत. आता ‘बरे होण्याचे कारण’ म्हणून लिहितात.

येथे पुरावा नीट वाचला पाहिजे. २०२१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विषादाच्या ५९ रोग्यांपैकी काहींना सायलोसायबिनची पूर्ण मात्रा आणि काहींना एसिटालोप्राम हे नेहमीचे औषध देण्यात आले. सहा आठवड्यांनंतर मुख्य मापनपट्टीवर दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ मध्ये २३३ रोग्यांच्या मोठ्या प्रयोगात २५ मिलिग्रॅमची मात्रा १ मिलिग्रॅमपेक्षा तीन आठवड्यांनंतर अधिक गुणकारी ठरली. त्याच वर्षी मद्यासक्तांवरील ९३ जणांच्या अमेरिकन प्रयोगात सायलोसायबिन घेणाऱ्यांचे मद्यपान अधिक घटले. परंतु दुसऱ्या गटाचेही घटले, कारण मानसोपचाराच्या बैठका दोन्ही गटांना मिळत होत्या. म्हणजे आशा निराधार नाही, आणि सिद्धीही पूर्ण नाही. शिवाय या प्रयोगांत एक अडचण मूलतःच आहे. आपल्याला खरे द्रव्य मिळाले की नाही हे रोगी सहज ओळखतो, आणि मग द्रव्याचा गुण कोणता व अपेक्षेचा कोणता हे निवडणे कठीण होते. एम.डी.एम.ए.च्या चिकित्सेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली, तेव्हा झालेल्या चर्चेत ही अडचणही पुढे आली होती. उलट ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ही दोन द्रव्ये विशिष्ट विकारांसाठी देण्याची मुभा दिली आहे.

परंतु माझ्या मते या प्रयोगांतील सर्वांत बोलकी गोष्ट निष्कर्षात नसून पद्धतीच्या वर्णनात आहे. एम.डी.एम.ए.च्या प्रमुख प्रयोगांत प्रत्येक रोग्याला आठ-आठ तासांच्या तीन द्रव्यबैठका आणि दीड-दीड तासाच्या बारा पूर्व व उत्तर बैठका होत्या. म्हणजे एकूण ४२ तास, आणि प्रत्येक वेळी दोन चिकित्सक समोर. एका माणसामागे ८४ तासांची मनुष्यसंगत! आपल्याकडे दुःखाने मोडून पडलेल्या किती जणांना, कोणत्याही द्रव्यावाचून, आयुष्यात कधी ८४ तास कोणी ऐकून घेतले असेल? असे असता वार्तांकनात मथळा मिळतो तो गोळीला किंवा छत्रीला. खोलीत बसलेल्या त्या दोघांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदातही असतो असे नाही. चरकाच्या परिभाषेत बोलायचे तर उपस्थात्याचे श्रेय द्रव्याच्या खाती जमा झाले आहे.

५

यावरून उपलब्धतेच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. कारण ‘बहुता’ हा गुण नसेल तर बाकीच्या गुणांची चर्चा व्यर्थ होय.

१९८५ च्या कायद्याचे आठवे कलम या द्रव्यांना मनाई करते आणि वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजन तेवढे अपवादात ठेवते. नियम ठळक, अपवाद बारीक, अशी त्या वाक्याची रचना आहे; आणि वाचणारा अंमलदार भित्रा असला की अपवाद वाचलाच जात नाही. मॉर्फीनचे जे झाले ते यापेक्षा निराळे नव्हते. कर्करोगाच्या वेदनेवर ते जगभर मान्य असलेले औषध. देशात त्याचा कच्चा माल असलेली अफू पिकते. तरीही या कायद्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नऊ-दशांशाहून अधिक घटला, कारण परवान्यांच्या जाळ्यात शिरण्याचे धाडस इस्पितळे करीनात. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन काही द्रव्यांना आवश्यक औषधे म्हणून वेगळी वाट करून देण्यात आली. तोवर ज्यांनी वेदनेत दिवस काढले, त्यांच्या वेदनेचे कारण कोणत्याही रकान्यात ‘वाक्यरचना’ असे नोंदलेले नाही. मनोव्यंजक द्रव्यांना उद्या मान्यता मिळालीच, तर त्यांच्या वाट्याला याहून निराळे काही येईल असे मानण्यास आधार नाही.

दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आहे. २९ मे २०१८ रोजी तो अंमलात आला. त्याचे अठरावे कलम शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देते. येथे उपचार अपवादातून बाहेर येऊन नियमाच्या जागी बसला, हे भाषेच्या दृष्टीनेही मोठे स्थित्यंतर होय. मात्र हक्काचे वाक्य आणि हक्काचा दवाखाना यांतील अंतर नाशिक रोडच्या फलाटावरून मोजता येते. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. नाशिक विभागाच्या पाच जिल्ह्यांपैकी एकातही त्यांतले नाही. येथून ठाणे दीडशे किलोमीटर, पुणे दोनशेंहून अधिक. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकातच आहे, ही गोष्ट या संदर्भात उपरोधाची वाटते. मोठ्या मनोरुग्णालयांची भिंत हाच उपाय असे मला म्हणायचे नाही. जिल्हा रुग्णालये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली १४४१६ या क्रमांकावरील दूरध्वनिसेवा ही योग्य दिशेची पावले आहेत. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार विकारपरत्वे सुमारे ७० ते ९२ टक्के रोगी उपचाराविना होते, आणि लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही देशात पुरत नव्हता. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेशच नव्हता, तेव्हा आपल्या राज्याचा आकडा त्यात शोधू नये. या पार्श्वभूमीवर ८४ तासांचा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. द्रव्य परदेशातून आणता येईल, देशात तयारही करता येईल. उपस्थाता आयात होत नाही.

६

उपस्थात्याला केंद्रस्थानी ठेवणारे लेखन मराठीत आहे, आणि या चर्चेत त्याची आठवण कोणी करीत नाही याचे आश्चर्य वाटते. ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी केलेले लेखन ‘गर्द’ या पुस्तकात आहे. त्या लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी साहाय्याचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. लेखातून संस्था निर्माण झाल्याची अशी उदाहरणे आपल्या वाङ्मयेतिहासात विरळाच.

‘गर्द’ या शीर्षकात द्रव्य आहे. पण पुस्तकाचे बळ माणसांच्या हकीकतींत आहे. पुढे ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात तर द्रव्य जवळजवळ पडद्याआड जाते. तेथे दिसतात ती माणसे : व्यसनातून बाहेर पडून त्याच केंद्रात कार्यकर्ता झालेला रुग्ण, एकमेकींना धीर देणाऱ्या रुग्णांच्या पत्नी, पाठपुराव्याच्या सभा. चरकाने उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या बरोबरीने अनुराग सांगितला आहे. त्या अनुरागाचे शासकीय प्रतिवृत्तान्तात न सापडणारे वर्णन या साध्या गद्यात सापडते.

तरीही समीक्षकाने येथे थांबू नये. अवचटांच्या लेखनात रुग्ण बोलतो, पण लेखकाच्या तोंडून बोलतो. निवेदकाची सहृदयता इतकी सर्वव्यापी आहे की, रुग्णाचा राग, त्याचा उपचाराविषयीचा संशय, किंवा उपचार निष्फळ झाल्यावरचा त्याचा स्वतंत्र स्वर क्वचितच ऐकू येतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने छिन्नमनस्कता झालेल्या शेषच्या आतल्या जगाला दृश्यरूप देऊन हे अंतर काहीसे कमी केले. लिखित मराठीत मात्र मनोरुग्णाचे स्वतःचे कथन अद्याप तुरळक आहे. ‘वेड’ हा शब्द प्रेमाला, छंदाला, भक्तीला आणि रोगाला सारखाच लावणाऱ्या आपल्या भाषेत, रोग्याला आपल्या रोगापुरता वेगळा शब्द सापडणे सोपे नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

७

तात्पर्य, मनोव्यंजक द्रव्यांना विरोध किंवा पाठिंबा ही आजची निकडीची भूमिका नव्हे. संशोधन कायद्याच्या चौकटीत आणि रोग्याच्या संमतीने व्हावे. त्याचे फलित जे असेल ते स्वीकारावे. आणि बाजारातील पुडीला औषधाचे नाव कोणी देऊ नये, हे उघड आहे. पण द्रव्याची वाट पाहत असताना चिकित्सेचे उरलेले तीन पाय रिकामे ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्यांतील भिषक् आणि उपस्थाता तयार करणे हे शासनाचे व वैद्यक विद्यापीठांचे काम आहे. चौथ्या पायाचे, म्हणजे रोग्याच्या ज्ञापकत्वाचे काम थोडेफार आपल्याकडे येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे पुष्कळ आहे. नाशिक, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील बोलींत मनाच्या दुखण्याला कोणकोणते शब्द आहेत, घरची माणसे डॉक्टरांपुढे कोणते शब्द वापरतात आणि कोणते गिळतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’ या वाक्यात कर्ता का नसतो, याचा पद्धतशीर संग्रह उपयुक्त ठरेल. १८९४ च्या आयोगाने एकेका नोंदीमागचा माणूस शोधण्याचे कष्ट घेतले, म्हणून त्याचे लेखन आजही वाचनीय आहे. रकाना कोणी भरला, कोणाच्या सांगण्यावरून भरला आणि ज्याच्याविषयी भरला त्याला विचारले होते काय, हे तीन प्रश्न अशा प्रत्येक संग्रहापुढे आणि मनोव्यंजक चिकित्सेच्या प्रत्येक नव्या वृत्तापुढेही ठेवावेत, अशी शिफारस करून हे विवेचन पुरे करतो.